जोडीला एकच चेंडू

“मान खाली, विहीणबाई. चेंडूकडे बघा. बाकीचं जग कुठे पळून जात नाही.”

इंदुताई माझ्या मागून हळू आवाजात म्हणाल्या. जानेवारीतली सकाळ होती. गवतावर इतकं दव पडलं होतं की चेंडू ठेवताना बोटं बधिर झाली. मी काठी मागे नेली, जोर लावून फिरवली, आणि चेंडू होता तिथेच राहिला. काठी त्याच्या डोक्यावरून वारा घालून गेली.

“होतं असं,” आमच्याबरोबर खेळणाऱ्या दातारबाई म्हणाल्या. त्यांचे यजमान सभ्यपणे निलगिरीच्या झाडांकडे बघत राहिले.

गोल्फमध्ये हवेत मारलेला फटकाही मोजतात. त्या दिवशीचा सामना ज्येष्ठांचा होता, आणि जोडीचा होता. जोडीला एकच चेंडू. एक फटका एकीनं मारायचा, पुढचा दुसरीनं. एकीनं झुडपात घातला तर दुसरीनं तो तिथून काढायचा. मी बाजूला झाले. इंदुताई पुढे आल्या आणि त्यांनी तो चेंडू मैदानाच्या मधोमध नेऊन टाकला, ताटात वाटी ठेवावी तसा. सत्तरीला आलेल्या बाई. उंच, ताठ, डोक्यावर नवऱ्याची जुनी टोपी.

“चला,” त्या म्हणाल्या. “थोडं चाललात की हात गरम होतील.”

मी चालू लागले. आदल्या दिवशी दुपारी माझी मुलगी स्नेहल नवऱ्याचं घर सोडून माझ्याकडे आली होती. तिचा नवरा रणजित म्हणजे इंदुताईंचा मुलगा. इंदुताईंना यातलं काही ठाऊक नाही, अशी माझी समजूत होती.

मी गोल्फ खेळेन असं कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. माझी सगळी नोकरी नाशिकच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. कानाला हेडफोन लावून खुर्चीत बसायचं, एवढाच माझा व्यायाम. निवृत्त झाले आणि वर्षभरात स्नेहलचे बाबा गेले. स्नेहल पुण्याला, तिच्या संसारात. मी जी घरात बसले ती बसलेच. साखर वाढली, गुडघे धरले. डॉक्टर म्हणायचे, चाला. मी सोसायटीच्या फाटकापर्यंत जायची, रस्त्याकडे बघायची आणि परत यायची. एकटीनं चालत जायचं कुठे आणि कशाला, ते डॉक्टर सांगत नव्हते.

इंदुताईंची घोरपडे मंडळी आमच्यापासून लांब नव्हती. निवृत्तीनंतर त्यांच्या यजमानांनी, कर्नलसाहेबांनी, लष्कराच्या कॅम्पाजवळच घर बांधलं होतं. स्नेहल आणि रणजित पुण्याला एकाच कंपनीत होते, त्यांनी आपलं आपण जमवलं. लग्न नीट पार पडलं. त्यानंतर आम्हा विहिणींचं जाणंयेणं बेताचं होतं. दिवाळीला फराळाचा डबा, चैत्रात हळदीकुंकू. इंदुताईंची मला जरा भीतीच वाटायची. फौजेतली बाई, इंग्रजी फडाफडा बोलणारी, स्वतः गाडी चालवणारी. आपण काय बोलणार त्यांच्याशी?

एका संक्रांतीला त्या तिळगूळ द्यायला आल्या. बसायला सांगितलं तर बसल्या नाहीत. माझ्याकडे टक लावून बघत उभ्या राहिल्या.

“साखर किती तुमची?”

मी सांगितली.

“जेवणाआधीची का नंतरची?”

“आधीची.”

“बूट आहेत का?”

“चपला आहेत.”

“बूट घेऊ. उद्या सकाळी मी न्यायला येते,” त्या म्हणाल्या आणि गेल्या.

नाही म्हणायला मला अवसरच मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी मी साडी आणि कॅनव्हासचे बूट अशा अवतारात त्यांच्या गाडीत बसले. क्लबात गेल्यावर कळलं की तिथे कॉलरवाला शर्ट घातल्याशिवाय मैदानावर सोडत नाहीत. साडीचं काय करायचं, हे नियमात कुठेच नव्हतं. सेक्रेटरी बिचारे डोकं खाजवत बसले. त्या दिवशी मी नुसती कडेनं चालले. मग इंदुताई मला आमच्याच शिंप्याकडे घेऊन गेल्या आणि माझ्या पंजाबी ड्रेसला कॉलर लावून घेतली. शिंपी म्हणाला, एवढी वर्षं कपडे शिवतोय, पण हे पहिल्यांदाच. तशा कॉलरचे ड्रेस पुढे मी अर्धा डझन शिवले.

कॅम्पातलं ते मैदान काही टीव्हीवर दिसतं तसं हिरवंगार नव्हतं. पावसाळा सरला की गवत पिवळं पडायचं. चेंडू ज्या छिद्रात, म्हणजे होलमध्ये, घालायचा, त्याच्या भोवती हिरवळीऐवजी तेल मारून दाबलेली वाळू असायची. आपलं झालं की लाकडी फळीनं ती पुन्हा सारखी करायची आणि मागच्यांना जागा द्यायची. उन्हाळ्यात टिटव्या उघड्यावर अंडी घालायच्या, तेव्हा तेवढा तुकडा वळसा घालून खेळायचा. मला सगळ्यात आधी आवडलं ते हेच. खेळ जमायला बरेच महिने लागले. पण चेंडू मारला की त्याच्या मागे जावंच लागतं, आणि माझा चेंडू सरळ कधी जात नसल्यामुळे मी सगळ्यांपेक्षा जास्त चालायची. चालतेय हे कळायचंसुद्धा नाही. मन चेंडूत असायचं, पाय आपोआप पडायचे.

खेळ झाला की व्हरांड्यात चहा. माझा बिनसाखरेचा. तिथे येणाऱ्या प्रत्येकाचं काही ना काही दुखत असायचं. कुणाची पाठ, कुणाचा खांदा, दातारांचं तर बायपास झालेलं. पण दुखण्याबद्दल चहा येईपर्यंत बोलायचं नाही, असा तिथला रिवाज होता. पहिल्या वर्षाच्या शेवटी डॉक्टरांनी माझ्या गोळ्या कमी केल्या. मी रात्री झोपू लागले. मुख्य म्हणजे सकाळी उठायला मला काही कारण मिळालं.

इंदुताई आणि मी सगळ्यावर बोलायचो. त्यांच्या बदल्यांची गावं, माझं एक्स्चेंज, लोणची, राजकारण, सुना नसलेल्या बायकांचे हाल आणि असलेल्या बायकांचेही. फक्त एक विषय त्या काढायच्या नाहीत. स्नेहल आणि रणजित. मी काढला तर “त्यांचं त्यांना ठाऊक” म्हणून काठी उचलायच्या. फौजेतल्या लोकांची शिस्त असेल, असं मी मनाशी म्हणायची.

तर त्या सामन्याच्या आदल्या दुपारी मी जेवून आवराआवर करत होते आणि स्नेहल दारात उभी. काही कळवलं नव्हतं. दोन मोठ्या बॅगा घेऊन आली होती. मी आधी तिला पान वाढलं. ती खाली मान घालून भात कालवत राहिली. बराच वेळ कालवत राहिली.

“आई, मी परत आलेय.”

“किती दिवस आहेस?”

तिनं दाराजवळच्या बॅगांकडे पाहिलं. तेव्हा मला कळलं.

“त्यानं काही… हात वगैरे?”

“नाही गं. तसं असतं तर कधीच आले असते. तो वाईट नाहीये. पण आम्ही एका घरात दोन भाडेकरूंसारखे राहतोय. तो त्याच्या खोलीत, मी माझ्या. दोन वर्षं झाली. बोललो, डॉक्टरांकडे जाऊन आलो, सगळं झालं. आता दोघांनी मिळूनच ठरवलंय.”

“दोन वर्षं? आणि मला आज सांगतेस?”

“बाबांचं नुकतंच झालं होतं. तुला काय सांगणार होते?”

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. ती रडली नाही, मीच रडले. मग ती म्हणाली, “मम्मींना तू काही सांगू नकोस. रणजित रविवारी येऊन स्वतः सांगणार आहे. त्याच्याआधी आपल्याकडून कळायला नको.”

सासूला ती मम्मी म्हणायची.

“उद्या आमचा जोडीचा सामना आहे,” मी म्हटलं. “कळवते त्यांना, बरं नाही म्हणून.”

“नको. जा तू. नाही गेलीस तर त्या इथे येऊन उभ्या राहतील.”

ते मात्र खरं होतं.

म्हणून त्या सकाळी मी त्यांच्या जोडीला खेळत होते, आणि मी मारलेला एकेक चेंडू निस्तरत त्या पुढे चालल्या होत्या. तिसऱ्या होलवर मी चेंडू ओढ्यात घातला. त्यांनी काढला. चौथ्यावर दोन हातांवरचं छिद्र माझं चुकलं. त्या म्हणाल्या, “वाळू ओली आहे.” वाळू ओली नव्हती.

पाचव्या होलच्या वाटेवर दातारबाई आमच्या बरोबर आल्या. मनानं भली बाई, पण जीभ आवरायची नाही.

“काय हो, तुमच्या मुलांची काही गोड बातमी? एवढी वर्षं झाली लग्नाला. दोघी एकदम आजी व्हाल, मग कुठला गोल्फ आणि कुठलं काय.”

मी पायांकडे बघत राहिले. इंदुताई थांबल्यासुद्धा नाहीत.

“दातारबाई, तुमचा चेंडू मागे राहिला,” त्या म्हणाल्या. “त्या दगडाजवळ. मला दिसतोय.”

दातारबाई मागे वळल्या.

पुढचा फटका माझा होता. मी डोळे पुसले, काठी फिरवली, आणि चेंडू डावीकडे वळून थेट बाभळींच्या गर्दीत गेला. इंदुताई त्याच्या मागे निघाल्या. दातार मंडळी पलीकडच्या अंगाला होती. बाभळींच्या आत पोचल्यावर माझ्यानं राहवेना.

“इंदुताई, मला नाही खेळवत आज.”

“ठाऊक आहे मला.” त्या वाकून काट्यांखाली चेंडू शोधत होत्या.

“नाही, तुम्हाला नाही ठाऊक.”

त्या सरळ झाल्या. हाताला लागलेला काटा काढत म्हणाल्या, “स्नेहल आलीय ना? तुम्हाला न्यायला आले तेव्हा दार उघडं होतं. आत बॅगा पाहिल्या. चार दिवसांसाठी कुणी एवढ्या बॅगा आणत नाही.”

मी खालीच बसले, तिथल्या एका दगडावर.

“रणजितनं सांगितलं तुम्हाला?”

“अजून नाही. रविवारी सांगेल. नोकरी बदलली तेसुद्धा त्यानं रविवारीच सांगितलं होतं.” त्यांनी काढलेला काटा बाजूला टाकला. “त्या दोघांचं संपत आलंय, हे मला तुमच्याकडे संक्रांतीला आले त्याच्या आधीच कळलं होतं. त्या दिवाळीला आम्ही पुण्याला होतो त्यांच्याकडे. दोन खोल्यांत दोन अंथरुणं. आमच्यासमोर एकत्र झोपायचं नाटक करायचे, सकाळी चादरीच्या घड्या सांगायच्या काय ते.”

मी त्यांच्याकडे बघत राहिले. मग राग आला. इतका राग मला क्वचितच आला असेल.

“म्हणजे दोन वर्षं तुम्हाला माहीत होतं. रोज माझ्याबरोबर चालत होतात. मी मूर्खासारखी स्नेहलचं कौतुक सांगत होते, ती दोघं काश्मीरला जाणार म्हणून. तुम्ही ऐकत होतात.”

“हो.”

“माझी मुलगी आहे ती.”

“सांगायला हवं होतं कदाचित,” त्या म्हणाल्या. “पण सांगून काय झालं असतं? दोन वर्षं घरात बसून रडला असतात. त्याऐवजी दोन वर्षं चाललात.”

“ते ठरवणाऱ्या तुम्ही कोण?”

इंदुताई पुन्हा वाकून चेंडू शोधू लागल्या. पलीकडून दातारांनी हाक मारली, चेंडू सापडला का म्हणून.

“सापडला,” त्यांनी ओरडून सांगितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “खरं आहे. कोणी नाही.”

आम्ही उरलेला खेळ पुरा केला. दोघीही मध्येच सोडून जाणाऱ्यातल्या नव्हतो. एकमेकींशी एक शब्द न बोलता आळीपाळीनं चेंडू मारत गेलो आणि सगळ्यांत शेवटी आलो. चहाला थांबलो नाही. गाडी माझ्या फाटकाशी उभी राहिली तेव्हा त्या म्हणाल्या, “विहीणबाई—”

“आता तसं म्हणू नका,” मी म्हटलं, आणि उतरले.

नंतर त्यांचा फोन आला नाही. रविवारी रणजित येऊन गेला असं स्नेहलकडून कळलं. पुढच्याच आठवड्यात माझे दीर सिन्नरहून आले. आमच्या घरातलं कर्तं माणूस म्हणून त्यांनी निकाल दिला. “वहिनी, झालं ते झालं. पण आता त्या घराशी काडीचाही संबंध ठेवायचा नाही. लोक काय म्हणतील? मुलगी घरी बसलीय आणि आई सासरच्यांबरोबर चेंडू खेळतेय?”

मी म्हटलं, “मी नाही जात आता.”

बूट कपाटात गेले. स्नेहलनं नाशिकलाच नोकरी धरली. सकाळी ती डबा घेऊन बाहेर पडायची आणि मी गॅलरीत खुर्ची टाकून बसायची. थंडी गेली, ऊन तापू लागलं. मी पुन्हा फाटकापर्यंत जाऊ लागले आणि फाटकापासून परत येऊ लागले. इंदुताईंवरचा राग होता, तो होताच. पण सकाळी जाग आली की मन आधी गाडीचा आवाज ऐकायचं आणि मग आठवायचं. माणसाचा राग यावा आणि त्याच माणसाला तो सांगावासा वाटावा, अशी ती गंमत होती. मला तर दुसरं कोणी सांगायलाही नव्हतं.

एप्रिलच्या शेवटी डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा वाढवल्या. स्नेहल माझ्याबरोबर दवाखान्यात आली होती. डॉक्टर तिला म्हणाले, “ह्यांचं ते गोल्फ का बंद झालं? मी दुसऱ्या पेशंटांना ह्यांचं उदाहरण देत होतो.”

घरी आल्यावर तिनं कैरी किसायला घेतली आणि किसता किसता म्हणाली, “आई, तू माझ्यामुळे जात नाहीस का?”

“तुझ्यामुळे कशाला? त्यांनी दोन वर्षं लपवलं माझ्यापासून.”

“ते मीही लपवलं. माझ्याशी बोलतेस की.”

“तू माझी मुलगी आहेस.”

ती जरा वेळ किसत राहिली. मग किसणी बाजूला ठेवली.

“तुला एक सांगायचं राहिलंय. म्हणजे राहिलं नाही, मी सांगितलं नाही. त्या दिवाळीला मम्मी आमच्याकडे होत्या ना, तेव्हा निघायच्या दिवशी त्या माझ्या खोलीत आल्या. मी कपड्यांच्या घड्या घालत होते. त्याही घालायला लागल्या. म्हणाल्या, ‘तुमच्या दोघांत मी पडणार नाही. तू राहिलीस तर मला आनंद आहे, गेलीस तर तुला मी अडवणार नाही. फक्त एक मागायचंय तुझ्याकडे.’ मला वाटलं, आता मूल-बाळ काढतात. तर म्हणाल्या, ‘तू गेलीस तरी तुझी आई मला राहू देशील का?’”

मी स्नेहलकडे बघत राहिले.

“असंच म्हणाल्या?”

“असंच. म्हणाल्या, साहेबांच्या बदल्या होत राहिल्या. जीव लावला त्या मैत्रिणी दर तीन वर्षांनी मागे सुटल्या. आता या वयात नवी कोण मिळणार? तुमच्या लग्नात मांडवात पंखे बंद पडले, तेव्हा तुझी आई पदर खोचून वाढपात उतरली. तेव्हापासून ती मला आवडते. पण मला तिच्याकडे जायचं कारण काय, तर तू. तू गेलीस की ते कारणही गेलं. तेव्हा त्याआधी मला दुसरं एखादं कारण करून ठेवू दे.”

बाहेर भाजीवाला ओरडत गेला. आमच्यापैकी कुणी उठलं नाही.

“तू काय म्हणालीस?”

“काहीच नाही. मला राग आला होता. इथे माझा संसार मोडतोय आणि ह्यांना मैत्रीण हवीय, असं वाटलं. पुढे तू खेळायला लागलीस, फोनवर हसायला लागलीस. तेव्हा सांगून ते बिघडवायचं नव्हतं. आणि नंतर…” तिनं कैरीचे हात पुसले. “त्या घरात माझ्याकडे बघून काय चाललंय ते फक्त त्यांना दिसलं, आई. रणजितलाही नाही, तुलाही नाही. माझी त्यांच्याशी काही तक्रार नाही. काका काय म्हणतात ते मी बघते. तू जा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉलरवाला ड्रेस घातला आणि रिक्षा करून कॅम्पात गेले. कर्नलसाहेब व्हरांड्यात पेपर वाचत बसले होते. पाठीच्या ऑपरेशननंतर ते खेळत नव्हते, नुसते सोबतीला यायचे. मला पाहून ते उठून उभे राहिले. ते नेहमीच उठायचे. मला मात्र संकोच वाटला.

“बसा तुम्ही,” मी म्हटलं.

“ती तिकडे आहे,” ते म्हणाले. “एकटीच खेळते हल्ली. दातारांनी दोनदा विचारलं, जोडीला या म्हणून. माझी जोडीदार आहे, म्हणते. कुठे आहे, विचारलं तर सुट्टीवर आहे, म्हणते.”

मी मैदानात शिरले. ऊन चढायला लागलं होतं. इंदुताई बाभळींच्या अलीकडे उभ्या होत्या, पाठमोऱ्या. त्या बारीक झाल्यासारख्या वाटल्या. पावलं ऐकून वळल्या, आणि माझ्या कॉलरकडे बघत राहिल्या.

“आलात?”

“आले.”

“स्नेहलला सांगून आलात ना?”

“तिनंच पाठवलं.” मी जरा दम घेतला. गुडघे पुन्हा कुरकुरत होते. “तुम्ही तिच्याकडे काय मागितलं होतं, ते काल सांगितलं तिनं.”

त्यांनी काठीच्या टोकानं जमिनीवरचं एक वाळकं पान सारलं. मग दुसरं सारलं.

“तिनं तेव्हा काही उत्तर दिलं नव्हतं,” त्या म्हणाल्या.

“आता दिलंय.”

इंदुताईंनी डोक्यावरची टोपी काढली, कपाळ पुसलं आणि पुन्हा घातली. टोपी डोळ्यांवर जरा जास्तच ओढली. मी तिकडे बघितलं नाही. फौजेतली माणसं, आपण बघू नये.

“तुमचा राग गेला का?” थोड्या वेळानं त्यांनी विचारलं.

“थोडा आहे.”

“राहू दे. पण मग तुम्हाला आता हाक काय मारायची? तुम्ही म्हणाला होतात, तसं म्हणू नका.”

“म्हणा. कोर्टाच्या कागदावर सह्या त्या दोघांच्या होतील. विहिणींना तिथे कोणी बोलावत नाही.”

त्या हसल्या. मग बॅगेतून माझ्या मापाची काठी काढून माझ्या हातात दिली. ती त्यांनी बॅगेत तशीच ठेवली होती. त्या दिवशी आम्ही चारच होल खेळलो. माझ्यानं तेवढंच झालं. चहा मात्र दोन वेळा घेतला.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. माझे दीर दोन महिने बोलले नाहीत, मग बोलायला लागले. शेवटी शेवटी तर त्यांनीच मला विचारलं की ह्या खेळानं रक्तदाब उतरतो का. कोर्टाचं काम गाजावाजा न होता झालं. रणजित बंगळूरला गेला, तिथेच त्याचं पुन्हा मार्गी लागलं. कर्नलसाहेब एका पावसाळ्यात गेले. तेव्हा तेराव्यापर्यंत मी इंदुताईंकडे राहिले आणि चौदाव्या दिवशी सकाळी मीच त्यांचे बूट दारात आणून ठेवले.

स्नेहलनं पुढे अभय कुलथेशी लग्न केलं. इथल्याच कॉलेजात शिकवतो, बोलका मुलगा आहे, घरात शिरला की घर भरतं. रजिस्टर लग्न आणि नंतर जवळच्या माणसांचं जेवण, एवढंच करायचं ठरलं. इंदुताईंना आमंत्रण करायला स्नेहल स्वतः गेली. मला धाकधूक होती, येतात की नाही. त्या आल्या. जांभळी पैठणी नेसून, ताठ मानेनं आल्या. स्नेहलला जवळ घेतलं, तिच्या हातात साडी ठेवली, अभयच्या डोक्यावर हात ठेवला, आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसल्या.

अभयच्या आई, सरोजबाई, आमच्या समोर बसल्या होत्या. येवल्याच्या, साध्या, गोल चेहऱ्याच्या बाई. त्यांचेही यजमान नव्हते. ओळखी चालल्या होत्या. त्यांनी इंदुताईंकडे पाहून मला विचारलं, “ह्या तुमच्या कोण?”

मी तोंड उघडलं आणि अडले. जुनी विहीण म्हणावं, तर मुलीच्या लग्नात ते बरं दिसत नाही. मैत्रीण म्हणावं, तर ते अपुरं वाटत होतं. आजूबाजूची दोन-चार माणसं खरं काय ते जाणत होती, त्यांनी ताटांत माना घातल्या.

इंदुताईंनी मला फार वेळ अडकू दिलं नाही. त्या सरोजबाईंकडे वळल्या, त्यांना डोक्यापासून पायापर्यंत नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, “सकाळी लवकर उठता का हो तुम्ही?”

“उठते की,” सरोजबाई गोंधळून म्हणाल्या. “झोपच येत नाही हल्ली. का बरं?”

“जरा तुमचा हात बघू.”

सरोजबाईंनी हातातली पोळी ताटात ठेवली आणि हात पुढे केला. तो डावा होता. जेवणही त्या डाव्या हातानंच करत होत्या, मी लक्षच दिलं नव्हतं. इंदुताईंनी तो हात उलटसुलट करून पाहिला आणि माझ्याकडे बघून मान हलवली, जरा काळजीनं.

डावखुऱ्यांच्या काठ्या नाशकात मिळेनात. त्या आम्हाला पुण्याहून मागवाव्या लागल्या.